नागपूरचा उन्हाळा: हवा कोरडी कधी, दमट कधी, आणि कूलरची मोटर कधी बंद करायची

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात पारा ४३ अंशांवर आणि आर्द्रता जेमतेम १८ टक्के असते. त्याच वेळी मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के. उष्मा निर्देशांकाच्या प्रचलित सूत्रात हे आकडे घातले तर सावलीत अंगाला जाणवणारी उष्णता नागपूरची ४३ आणि मुंबईची ४४ निघते. पाऱ्यातला नऊ अंशांचा फरक आर्द्रतेने पुरता खाऊन टाकला. म्हणून नागपूरचा माणूस दादरला उतरला की तासाभरात चिकचिकीने हैराण होतो. मुंबईचा पाहुणा सीताबर्डीत भर दुपारी ‘इथे तर घामच येत नाही’ म्हणत फिरतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. दोघांनीही फक्त तापमान बघितलेलं असतं.

बघायचा आकडा वेगळा आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं कापड गुंडाळलं की पारा कोरड्या थर्मामीटरपेक्षा खाली उतरतो. तो किती उतरतो, हा ‘ओल्या-कोरड्याचा फरक’. अंगावरचा घाम, माठ, वाळ्याची ताटी, ओला दुपट्टा आणि कूलर हे सगळे याच फरकावर चालतात. नागपुरात मेच्या दुपारी हा फरक २० अंशांपर्यंत जातो, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दहाच्या आसपास येतो आणि पावसाळ्यात चारच्याही खाली. एकाच शहरात, दीड-दोन महिन्यांत, तीन वेगळे ऋतू. वागणं, कपडे आणि कूलर त्याप्रमाणे बदलायला हवेत. बहुतेक घरांत मात्र एप्रिलमध्ये जे बटण दाबलं जातं, ते ऑगस्टपर्यंत तसंच राहतं.

टक्क्यावर जाऊ नका, दवबिंदू बघा

मोबाइलवर सकाळी सहाला आर्द्रता ४१ टक्के दिसते आणि दुपारी तीनला १८. दिवसभरात हवेतलं पाणी कुठे गेलं? कुठेच नाही. २८ अंशांची हवा तापून ४३ वर गेली की तिची वाफ धरायची ताकद सव्वादोन पटींहून जास्त वाढते. वाफ तेवढीच राहते, भांडं मोठं होतं, म्हणून टक्का उतरतो. दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवा थंड केली की तिच्यातल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा, दोन्ही वेळा १३-१४ अंशच असतो. दोन गावांची किंवा दोन वेळांची तुलना करायची असेल तर दवबिंदूनेच करा. बहुतेक हवामान ॲपमध्ये तो तपशिलात खाली दिलेला असतो.

ढोबळ अंदाज असा ठेवा. दवबिंदू १६ च्या खाली असेल तर हवा कोरडी, घाम आपसूक उडतो, कूलर जोरात चालतो. १६ ते २० पर्यंत फारसा त्रास नाही. २० च्या वर गेला की कपडे अंगाला चिकटायला लागतात. २४ च्या वर उकाडा असह्य होतो, रात्रीही. नागपुरात मेमध्ये १०-१५ असणारा दवबिंदू मान्सूनपूर्व ढग आले की आठवड्याभरात २२-२४ वर चढतो. पारा ४३ वरून ३८ वर आला म्हणून लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि त्याच रात्री झोप लागत नाही. त्याचं कारण हेच.

घरी फरक मोजण्याची रीत

साधे भिंतीवरचे दोन थर्मामीटर घ्या, शक्यतो एकाच बनावटीचे. आधी दोन्ही तासभर शेजारी शेजारी ठेवा. एक अर्धा-एक अंश जास्त दाखवत असेल तर तेवढी वजावट लक्षात ठेवा. एकाच्या फुग्यावर पांढऱ्या सुती कापडाची किंवा बँडेजची पट्टी एकच फेरा गुंडाळा आणि पट्टीचं दुसरं टोक पाण्याच्या लहान बाटलीत सोडा. बाटली फुग्यापासून दोन-तीन सेंटिमीटर लांब असू द्या, तोंडाशी चिकटलेली नको. पाणी आरओचं घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार पट्टीत बसले की ती पाणी ओढत नाही आणि पारा खोटाच वर राहतो. आठवड्याला पट्टी बदला.

दोन्ही थर्मामीटर सावलीत, भिंतीपासून वीतभर दूर टांगा. पंखा जोरात ठेवून पाच मिनिटं वारा द्या आणि मगच वाचा. वारा दिला नाही तर ओला पारा पुरता उतरत नाही आणि फरक कमी दिसतो. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. दुसरी चूक म्हणजे उन्हात तापलेली भिंत किंवा पत्रा जवळ असणं. जागा चुकली किंवा उपकरण बिघडलं की आकडा भलताच येतो. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली, तो नंतर संवेदकाचा दोष निघाला.

आता हिशोब. मेच्या दुपारी कोरडा ४३, ओला २३, फरक २०. जूनच्या उकाड्यात ३८ अंश आणि ४५ टक्के असताना ओला २७ च्या थोडा वर, फरक साडेदहा. जुलैत पाऊस उघडला की ३० अंश, ७५ टक्के, आणि फरक चारपेक्षा कमी. मुंबईचं मेमधलं ३४ अंश, ६५ टक्के धरलं तर फरक सहाच्याही आत. फरक १२ च्या वर असेल तर कूलर पूर्ण पाण्यावर चालवा. ८ ते १२ असेल तर दुपारपुरता. ५ ते ८ मध्ये फक्त खिडक्या सताड उघड्या असतील तरच. ५ च्या खाली ताट्यांवर पाणी सोडणारी मोटर बंद, नुसता पंखा.

कूलर: कुठे बसवायचा, किती मोठा, कुठे बिघडतो

कूलरच्या बाजूंच्या चांगल्या भिजलेल्या गवताच्या ताट्या या फरकाचा ७० ते ८० टक्के भाग हवेतून काढून घेतात. मेमध्ये २० पैकी १५ अंश, म्हणजे ४३ ची हवा २८ ची होऊन आत येते. इतक्या कमी विजेत एवढा गारवा देणारं दुसरं यंत्र नाही. विदर्भातल्या घरोघरी कूलर आहे तो या कोरड्या हवेच्या जोरावर.

मापाचा नियम सोपा आहे. खोलीतली हवा तासाला किमान ३० वेळा बदलली पाहिजे, स्लॅबखालची खोली असेल तर ४० वेळा. १२ बाय १२ फुटांची आणि १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ४१ घनमीटर. तिला तासाला १,२०० ते १,६०० घनमीटर हवा देणारा कूलर पुरतो. खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो. टाकी किती लिटरची, यावरून कूलर घेऊ नका. टाकी मोठी असली तर फक्त पाणी कमी वेळा भरावं लागतं.

कूलर बाहेरची हवा ओढेल असाच बसवा, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर, शक्यतो उत्तर किंवा पूर्व बाजूला. पश्चिमेलाच खिडकी असेल तर वर हिरवी जाळी किंवा तट्ट्या लावून सावली करा, पण ताट्यांपासून हातभर जागा सोडा. खोलीच्या आत ठेवलेला कूलर आधीच ओली झालेली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. पहिली दहा मिनिटं गार वाटतं, मग अंग चिकट होतं.

आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी, आणि ती समोरच्या बाजूला हवी. वरच्या मापाच्या खोलीला दीड ते दोन चौरस फूट उघडी जागा पुरते. दार वीतभर उघडं ठेवलं तरी काम होतं. वाट पुरेशी आहे का, हे उदबत्तीने बघा. त्या फटीशी उदबत्ती धरा. धूर सरळ आणि जोरात बाहेर ओढला गेला पाहिजे. रेंगाळत असेल तर फट वाढवा. ‘गार हवा बाहेर जाते’ म्हणून दार लावून घेणं हा कूलर निकामी करण्याचा हमखास मार्ग आहे.

चालू करताना आधी फक्त मोटर लावा. आठ-दहा मिनिटांत ताट्या वरपासून खालपर्यंत भिजल्या की मग पंखा. ताटीवर हात फिरवून बघा: एखादी उभी पट्टी कोरडी लागली तर वरच्या नळीचं तिथलं छिद्र क्षाराने बुजलं आहे. हवा नेहमी सोपी वाट धरते, म्हणून त्या चार बोटांच्या कोरड्या पट्टीतून गरम झळ थेट आत येते आणि बाकीच्या ओल्या ताटीची मेहनत वाया जाते. छिद्र सुईने मोकळं करा, नळी सपाट बसली आहे का बघा. ताटीतलं गवत खाली बसून वर पोकळी झाली असेल तर जुन्यात नवं गवत कोंबू नका, ताटीच बदला. गवताची ताटी एका हंगामापुरती असते. हनीकोंब पॅड जास्त टिकतात, मात्र क्षाराच्या पाण्यात त्यांच्या घड्या दगडासारख्या होतात. नवी ताटी रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या, वास आणि भुसा दोन्ही जातात.

पाण्याचा हिशोब मांडून ठेवा. तासाला १,५०० घनमीटर हवा फेकणारा कूलर मेच्या दुपारी सुमारे १० लिटर पाणी उडवतो. ६० लिटरची टाकी सहा तासांतच तळाला जाते. रात्री दोनला एकदम गरम वारा येतो, त्याचं कारण बहुतेकदा इतकंच असतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागे टाकीत राहतात. नुसतं वरून भरत राहिलात तर आठवड्यात टाकीतलं पाणी बोअरपेक्षा कितीतरी जड होतं आणि ताट्यांवर पांढरा थर धरतो. दर दोन-तीन दिवसांनी उरलेलं पाणी तळातून काढून टाका. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवून मगच भरा. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात, म्हणून नुसतं पाणी ओतून दिल्याने भागत नाही.

टाकीत बर्फ टाकणाऱ्यांसाठी एक गणित. पाच किलो बर्फ वितळून पाण्याच्या तापमानाला येईपर्यंत जेवढी उष्णता शोषतो, तेवढी हा कूलर नुसत्या बाष्पीभवनाने पाच-सहा मिनिटांत काढतो. बर्फाचे पैसे नव्या ताटीत घाला.

आणि शॉक. हे मनापासून सांगतो: लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पोर, याहून घातक जुळणी घरात दुसरी नसते. पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढा, दर वेळी. तीन पिनांचीच वायर, अर्थिंग तपासलेलं, आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. हंगामाच्या सुरुवातीला मोटरची वायर टेपने जोडलेली दिसली तर ती पूर्ण बदला. पाण्यात बुडणाऱ्या वायरला जोड नको.

जून लागला की

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास सुरू होतो आणि जूनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत सरतो. ढग येतात, वारा पडतो. आता कूलर मेसारखाच चालवला तर काय होतं बघा. बाहेर ३८ अंश, फरक साडेदहा, कूलर हवा ३० वर आणतो. पारा छान दिसतो. पण आत आलेल्या हवेचा दवबिंदू साडेसव्वीस झालेला असतो, म्हणजे मेमधल्या मुंबईइतका. तुम्ही स्वतःच्या खोलीत मुंबई तयार केली. पापड मऊ पडतात, चादर ओलसर लागते, पाठीवर घामोळं उठतं आणि कपाटात बुरशीचा वास येतो.

या दिवसांत दुपारी एक ते पाच मोटर चालवा, खिडक्या नेहमीपेक्षा जास्त उघड्या ठेवा. सूर्य मावळला की मोटर बंद, फक्त कूलरचा पंखा. तो बाहेरची हवा भरपूर आत फेकतो आणि अंगावर वारा मिळतो. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा लावा, कुकरची वाफ आणि ओले कपडे झोपायच्या खोलीपासून दूर. एसी असेल तर तो खरा कामाला येतो तो आता, कारण तो हवेतलं पाणी काढून बाहेर टाकतो. ‘ड्राय’ मोड जून ते सप्टेंबरसाठी आहे, मेमध्ये त्याचा उपयोग नाही. एकाच खोलीत एसी आणि कूलर दोन्ही कधीही लावू नका: एक पाणी काढतो, दुसरा घालतो, बिल दोन्हींचं येतं.

पंखा कधी उलटा पडतो

कातडीचं तापमान साधारण ३५ अंश. हवा त्याहून थंड असेल तोवर पंखा दोन्ही बाजूंनी मदत करतो: अंगाची उष्णताही नेतो आणि घामही उडवतो. हवा ४० च्या वर आणि कोरडी असेल तर घाम तसाही लगेच उडतो, पंखा नुसती गरम हवा अंगावर मारतो आणि शरीर तापवतो. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली. तशा दुपारी बंद खोलीत कोरड्या अंगाने पंख्याखाली पडून राहणं म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसणं. वीज गेली, इन्व्हर्टरवर फक्त पंखा आहे, तर आधी अंग ओलं करा. सुती कापड भिजवून पिळा, मान, छाती, हातांवर पसरा आणि मग पंखा लावा. कापड दर पंधरा-वीस मिनिटांनी भिजवा. म्हातारी माणसं आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांचा घाम कमी असतो, त्यांच्यासाठी हे विसरू नका.

दमट हवेत याच्या उलट. ओलं कापड अंगावर सुकतच नाही, फक्त घाम अडवतो. तिथे कोरडा टॉवेल, जोराचा वारा आणि दिवसातून दोनदा अंघोळ.

अंगावर काय, पोटात काय

एक लिटर घाम पूर्ण उडाला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. उडाला तर. ओघळून जमिनीवर पडला तर पाणी आणि मीठ गेलं, गारवा काहीच नाही. नागपूरच्या उन्हात घाम दिसत नाही कारण तो निघताक्षणी उडतो, त्यामुळे तहान उशिरा कळते. इथे घड्याळाने पाणी प्या. उन्हात काम असेल तर दर वीस मिनिटांनी एक पेला, पण तासाला दीड लिटरच्या वर नको. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे उशीर झालाच. ताकात मीठ, पन्हं, जेवणात कांदा-कैरी, हे सगळं उत्तम. जुलाब किंवा फार घाम झाला असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्ही लहान चमच्याने. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. हृदय, किडनी किंवा रक्तदाबाचे रुग्ण असतील तर पाणी आणि मिठाचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

कोरड्या झळांत अंग झाकलेलं बरं: सैल, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, डोकं-कान-चेहरा झाकणारा पांढरा दुपट्टा, जमलं तर ओला. कोकणात किंवा मुंबईत तोच पेहराव जाचतो. तिथे पातळ, आखूड, वारा खेळेल असे कपडे आणि पिशवीत एक जादा बनियन.

कोरड्या हवेत नाकाची आतली त्वचा भेगाळते आणि घोळणा फुटतो. रात्री झोपताना नाकात खोबरेल किंवा व्हॅसलिनचं बोट फिरवा. रक्त आलंच तर डोकं मागे टाकू नका. पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं सलग दाबा, मध्ये सोडून बघू नका.

गाव बदललं की

नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव इथला मे कोरडा, उपाय सारखेच. पुण्यातही हवा कोरडीच, पण पारा पाच-सहा अंश कमी आणि रात्री बऱ्या, त्यामुळे पहाटे खिडक्या उघडून घर गार करायचं आणि नऊच्या आत बंद करायचं, एवढ्यावर भागतं. नागपुरात मेमधली रात्रच २८-३० अंशांची असल्याने ते पुरत नाही. रत्नागिरी, मुंबई, ठाण्यात दिवस आणि रात्र यांत फारसा फरक नाही. कूलर नेऊ नका, समोरासमोरच्या खिडक्या आणि वारा बघून खोली निवडा. कुठूनही कुठे गेलात तरी शरीराला नव्या हवेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. पहिले चार दिवस दुपारचं बाहेरचं काम ठेवू नका.

ऊन लागलं तर

बडबड, गोंधळलेपणा, झटका, बेशुद्धी आणि ताप ४० अंशांच्या वर, ही उष्माघाताची लक्षणं. अंग कोरडं असेलच असं नाही, कष्टाचं काम करणाऱ्याला घाम असूनही उष्माघात होतो. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा. नागपूरच्या कोरड्या हवेत सर्वांगावर पाणी शिंपडत राहून जोराचा वारा घालणं फार परिणामकारक आहे, पारा भरभर उतरतो. दमट हवेत त्याने भागत नाही. तिथे थंड पाण्याच्या टबात बसवा किंवा बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सर्वांगावर सतत बदलत राहा, काखेत, मानेवर आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या द्या. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

कूलर ठेवताना

फरक सलग आठवडाभर पाचच्या खाली राहिला की मोटर काढून ठेवा. टाकी घासून उन्हात वाळवा, ताट्या पूर्ण सुकवून झाका किंवा टाकून द्या. लोखंडी टाकीला आतून गंज दिसत असेल तर आत्ताच खरवडून रंग मारा. मार्चमध्ये कूलरवाल्यांकडे रांग लागते आणि भोक पडलेली टाकी एप्रिलमध्ये गळायला लागल्यावरच लक्षात येते.